दुसऱ्या वहीतले नाव : टॉर ब्राउझर आणि पासवर्ड मॅनेजर

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर १९९८ रोजी एका खटल्याचा निकाल दिला. दाद मागणारा स्वतः डॉक्टर होता आणि नागालँड शासनाच्या वैद्यकीय सेवेत होता. १९९५ मध्ये एका आप्ताबरोबर तो चेन्नईस गेला असता तेथील रुग्णालयात त्याने रक्तदान केले. रक्ताच्या तपासणीत त्याला एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले. ही गोष्ट रुग्णालयाबाहेर गेली, ठरलेला विवाह मोडला आणि त्या डॉक्टरला आपले गाव सोडावे लागले. न्यायालयाने रुग्णालयास दोषी धरले नाही. नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क त्याने वरचढ मानला. या निकालाच्या योग्यायोग्यतेविषयी आपल्या व्यवसायात बरीच चर्चा झाली आहे, ती येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या नावाने हा खटला ओळखला जातो. रुग्णाचे नाव झाकण्याची काळजी त्या शीर्षकात घेतलेली आहे. मात्र त्याच निकालाची नोंद दुसऱ्या एका निवाडा-संग्रहात खऱ्या नावानिशी छापली गेली. एका वहीने पाळलेले गुपित दुसऱ्या वहीने उघड केले.

संगणकावरील निनावीपणही बहुधा असेच फुटते. ज्या साधनावर आपण विश्वास टाकला ते आपले काम चोख करीत असते. शेजारी ठेवलेले दुसरे साधन, कोणताही वाईट हेतू नसताना, नाव लिहून ठेवते.

औषधांच्या परस्परक्रिया हा विषय आपणांस नवा नाही. हृद्‌शूलासाठी नायट्रेट उत्तम. सिल्डेनाफिलही आपल्या जागी उपयुक्त. दोन्ही एकाच रुग्णाच्या पोटात गेली की रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. त्यातही विशेष असे, की दुसरी गोळी रुग्णाने संकोचापोटी डॉक्टरांपासून लपविलेली असते. टॉर ब्राउझर हे चांगले साधन आहे. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले सर्व पासवर्ड कुलूपबंद ठेवणारी तिजोरी, हेही चांगलेच साधन आहे. परंतु ही तिजोरी एक्स्टेन्शनच्या रूपाने, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेल्या छोट्या आज्ञावलीच्या रूपाने, टॉर ब्राउझरच्या आत बसविली तर पहिल्या साधनाचा मुख्य गुणच नाहीसा होतो. हा संयोग का टाळावा आणि त्याऐवजी काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

डॉक्टरांना निनावीपण कशाला?

“आपल्याला लपविण्यासारखे काय आहे?” असे सज्जन माणसे नेहमी विचारतात. डॉक्टरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. आपला सारा व्यवसाय इतरांच्या लपविण्यासारख्या गोष्टींच्या विश्वासावर उभा आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम ७.१४ रुग्णाचे गुपित उघड करण्यास मनाई करते. न्यायालयाचा आदेश, व्यक्तीस वा समाजास असलेला गंभीर धोका आणि कळविणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच त्यास अपवाद आहेत. (२०२३ मध्ये नवी नियमावली आली होती; ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाली आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली.) त्याही आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने नोकरी नाकारल्या गेलेल्या एका एचआयव्हीबाधित कामगाराला ‘एमएक्स’ या सांकेतिक नावाने दाद मागण्याची मुभा दिली. नाव उघड होण्याच्या भीतीने माणूस न्यायालयाची पायरीच चढणार नसेल तर त्याला हक्क असून काय उपयोग, हे त्या न्यायालयाने ओळखले. पुढे २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यात अशा सांकेतिक नावाची तरतूदच करण्यात आली.

रुग्णांची ही भीती निराधार नसते. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईकडील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे ४३,००० हून अधिक अहवाल, त्यांत एचआयव्ही तपासणीचेही, इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील अशा स्थितीत आढळले. ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ही गोष्ट जगापुढे आणली. तेथे कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूपच नव्हते.

आपल्या इंदूरचा विचार करू. होळकरांच्या काळापासून येथे स्थिरावलेला आपला मराठी समाज एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. राजवाड्यापासून रामबागेपर्यंत पायी जावे तर वाटेत चार जण तरी “काय डॉक्टर, आज इकडे कुठे?” असे विचारणारच. ही आपुलकी आहे आणि ती आपले वैभवही आहे. परंतु एखाद्या तरुण सहकाऱ्याला स्वतःच्या नैराश्यावर किंवा जडलेल्या व्यसनावर मदत शोधावयाची असेल, तेव्हा याच आपुलकीची त्याला धास्ती वाटते. डॉक्टर स्वतः रुग्ण झाला की त्याच्याइतका एकाकी रुग्ण दुसरा नसतो.

दुसरे कारण याहून अवघड आहे. व्यापम प्रकरण आपल्या शहराने फार जवळून पाहिले. जुलै २०१३ मध्ये इंदूर पोलिसांनी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील तोतया परीक्षार्थी पकडले आणि एकेक धागा उलगडत गेला. ९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपविला. हे प्रकरण लावून धरणाऱ्यांमध्ये इंदूरचेच डॉ. आनंद राय होते आणि जिवाच्या भीतीने त्यांना पोलीस संरक्षण मागावे लागले. नावानिशी उभे राहण्याचे धैर्य प्रत्येकापाशी असेलच असे नाही, आणि ज्याच्यापाशी नाही त्याची माहिती खोटी असते असेही नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये संसदेने कायदा संमत केला खरा, पण त्यातही नाव न देता केलेल्या तक्रारीवर कार्यवाही करता येत नाही. म्हणूनच ‘द गार्डियन’, ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ यांसारख्या वृत्तपत्रांनी ‘सिक्युअरड्रॉप’ नावाची गुप्त टपालपेटी ठेवली. ती पेटी टॉरमधूनच उघडते.

टॉरचा आसरा गुन्हेगारही घेतात, हे खरे आहे. म्हणून टॉर वापरणे हा भारतात गुन्हा ठरत नाही.

गेरीतला पांढरा कोट

रंगपंचमीची गेर आपण सर्वांनी पाहिली आहे. राजवाड्यासमोर गुलालाचे लोट उठतात, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडतात आणि थोड्याच वेळात हजारो चेहरे एकाच रंगाचे होतात. सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळखू येत नाही. टॉर ब्राउझरचे अर्धे शास्त्र या गेरीत सामावलेले आहे.

पहिले अर्धे शास्त्र मार्ग लपविण्याचे. त्याची कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघाली. २००२ मध्ये टॉरचे जाळे प्रथम चालू झाले आणि २००६ मध्ये ते सांभाळण्यासाठी ‘टॉर प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. आपली विनंती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक कुलपांत बंद होऊन तीन निरनिराळ्या संगणकांमधून पुढे जाते. पहिल्या संगणकाला आपण कोण ते कळते, पण कोठे चाललो ते कळत नाही. शेवटच्याला कोठे ते कळते, कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही.

परंतु मार्ग लपविला तरी चेहरा उरतोच. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला ब्राउझर नकळत स्वतःविषयी पुष्कळ काही सांगत असतो: पडद्याचा आकार, अक्षरसंच, भाषा, घड्याळाची वेळ. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेच्या पीटर एकर्स्ली यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर सर्वांत वेगळे, म्हणजे एकमेव ठरले. नाव, पत्ता, कुकी यांपैकी काहीही न विचारता दर सहांपैकी पाच जणांना पुन्हा ओळखता येण्याजोगा हा अंगठ्याचा ठसाच होता.

टॉर ब्राउझरचे यावरचे उत्तर म्हणजे गुलाल. तो सर्वांना सारखे करतो. प्रत्येकाचे घड्याळ एकच जागतिक वेळ सांगते, अक्षरसंच ठरावीक, खिडकीचा आकारही ठरावीक टप्प्यांनी, रुंदीत २०० व उंचीत १०० बिंदूंच्या पटीत, दाखविला जातो. येथे सुरक्षितता गर्दीत आहे आणि गर्दी एकसारखी राहिली तरच ती सुरक्षितता टिकते. अशा गेरीत एक गृहस्थ छातीवर नावाची पाटी लावलेला पांढरा कोट घालून आले तर बाकीच्या गुलालाचा त्यांना काय उपयोग?

एक्स्टेन्शन हा तो पांढरा कोट. टॉर ब्राउझर फायरफॉक्सवर आधारलेला असल्याने फायरफॉक्सची एक्स्टेन्शने त्यात बसविता येतात. बसवू नयेत असे टॉर प्रोजेक्ट आग्रहाने सांगते. उघडलेल्या पानाला एक्स्टेन्शनांची यादी थेट मिळत नाही, परंतु त्यांच्या पाऊलखुणा दिसतात. २०१७ मध्ये स्टारोव्ह व निकिफोराकिस या संशोधकांनी क्रोमच्या सर्वाधिक लोकप्रिय १०,००० एक्स्टेन्शनांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील नऊ टक्क्यांहून अधिक एक्स्टेन्शने कोणत्याही पानावर ओळखता येतील असे बदल करीत असल्याचे आढळले. पासवर्ड मॅनेजर तर पानात हात घातल्यावाचून आपले कामच करू शकत नाही. तो पानातील नावाची व पासवर्डची चौकट शोधतो, तिच्या कडेला आपले चिन्ह ठेवतो, कधी छोटी खिडकी उघडतो. पानाच्या मालकाने नुसते पाहावयाचे ठरविले तर त्याला ते दिसते.

येथे एक बारकावा आहे. फायरफॉक्समध्ये बसविलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनला त्या संगणकापुरता एक लांबलचक क्रमांक सोडतीने दिला जातो. कोणते एक्स्टेन्शन आहे हे पानाला सहज ताडता येऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. परंतु एक्स्टेन्शनने आपले चिन्ह किंवा खिडकी पानात ठेवताना तो क्रमांक पानाच्या दृष्टीस पडू दिला, तर परिणाम उलटा होतो. तो क्रमांक जगात दुसऱ्या कोणाचा नसतो. कुकी पुसली, मार्ग बदलला, तरी तो बदलत नाही. ओळख लपविण्यासाठी दिलेला क्रमांकच ओळखपत्र होऊन बसतो.

चांगल्या हेतूने केलेली भरही गर्दीतून वेगळे पाडते, याचे उदाहरण खुद्द या क्षेत्रातलेच आहे. ‘टेल्स’ ही टॉरसाठीच बनविलेली संगणकप्रणाली आपल्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडविणारे एक एक्स्टेन्शन देते. त्यामुळे टेल्स वापरणारे इतर टॉर वापरणाऱ्यांपासून वेगळे ओळखू येऊ शकतात. टेल्सचे सर्वच वापरकर्ते तसे असल्याने निदान त्यांची एक छोटी गर्दी तरी होते. आपल्या मर्जीने पासवर्ड मॅनेजर बसविणारा मात्र बहुधा एकटाच असतो.

तिजोरीची स्वतःची वही

आतापर्यंत समोरच्या संकेतस्थळाला काय दिसते ते पाहिले. माझ्या मते त्याहून मोठा धोका तिजोरी सांभाळणाऱ्याच्या दप्तरात आहे.

आजचे बहुतेक लोकप्रिय पासवर्ड मॅनेजर आपली तिजोरी कंपनीच्या संगणकावर ठेवतात. खाते उघडताना आपण खरा ईमेल देतो, वार्षिक वर्गणी बँकेच्या कार्डाने भरतो. टॉर ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बसवून मुख्य पासवर्ड टाकला की आपण त्या कंपनीला खऱ्या नावानिशी कळविलेले असते, की अमुक गृहस्थ या क्षणी टॉरवर आहेत. पुढे आपण कोठे जातो ते कंपनीला दिसले नाही तरी वेळ नोंदली गेली. ही एवढीशी नोंद किती महाग पडते, हे डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिसले. परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉरमधून बाँबच्या खोट्या धमकीचे निनावी ईमेल पाठविले. टॉर कोणी फोडले नाही. त्या सकाळी विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉर कोणी वापरले एवढेच तपासले गेले, चौकशी झाली आणि त्याने कबुली दिली. कृत्य निंद्यच होते. परंतु तपासाची ही रीत चांगल्या माणसाविरुद्धही तेवढीच उपयोगी पडते.

“पण तिजोरी कुलूपबंद असते ना?” असे कोणी विचारील. पासवर्ड कुलूपबंद असतात, हे खरे. २०२२ मध्ये ‘लास्टपास’ या सुप्रसिद्ध कंपनीवर हल्ला झाला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीस गेल्या. त्या वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने जे जाहीर केले ते मुळातून वाचण्यासारखे आहे. तिजोरीतील नावे व पासवर्ड सांकेतिक रूपात होते. संकेतस्थळांचे पत्ते मात्र साध्या, वाचता येण्याजोग्या रूपात होते. त्याबरोबरच ग्राहकांची नावे, बिलाचे पत्ते, ईमेल, दूरध्वनी क्रमांक आणि ते जेथून सेवा वापरीत त्या जोडण्यांचे आयपी पत्तेही गेले.

वैद्यकीय भाषेत सांगावयाचे तर केसपेपरमधील निदान झाकलेले, पण रुग्णाचे नाव, घरचा पत्ता आणि तो कोणकोणत्या विभागांत जाऊन आला त्यांची यादी उघडी. मानसोपचार, त्वचा व गुप्तरोग, व्यसनमुक्ती. एवढे वाचल्यावर निदान कशाला वाचावयाचे? टॉरमधून गुप्त टपालपेटीवर एखाद्याने खाते उघडले असेल आणि एक्स्टेन्शनने ते ‘जतन करू का?’ असे विचारल्यावर त्याने होकार दिला असेल, तर त्या पेटीचा पत्ता त्याच्या खऱ्या नावाशेजारी लिहिला गेला. ही ती दुसरी वही. सर्वच कंपन्या पत्ते असे उघडे ठेवतात असे नाही. परंतु काही मॅनेजर यादीत प्रत्येक संकेतस्थळाचे छोटे चिन्ह दाखविण्यासाठी कंपनीच्या संगणकाकडे त्याचे नाव पाठवितात, तेव्हा यादीचा काही भाग त्याही वाटेने बाहेर जातो. ही सोय बंद करता येते. किती जण करतात?

याहूनही जवळचा धोका आपल्या दवाखान्यातच आहे. या तिजोऱ्यांचे मोठे आकर्षण म्हणजे घरचा संगणक, मोबाइल आणि दवाखान्यातील संगणक यांवर तीच यादी आपोआप दिसते. रात्री घरी बसून डॉक्टरांनी निनावी खाते उघडावे आणि सकाळी स्वागतकक्षातील संगणकावर विम्याचे संकेतस्थळ शोधणाऱ्या कर्मचाऱ्याला यादीत त्या खात्याचे नाव दिसावे, हे घडण्यास कोणत्याही चोराची गरज लागत नाही. टॉर ब्राउझर बंद करताना सारे विसरतो. त्यातील ‘नवी ओळख’ हे बटणही उघडी पाने व कुकी पुसून नव्याने सुरुवात करते. एक्स्टेन्शनची साठवण मात्र एक्स्टेन्शनपाशी राहते. विसरणाऱ्याच्या घरात न विसरणारा पाहुणा आणून बसविला, असा हा प्रकार आहे.

आपोआप भरण्याची सोय

पासवर्ड आपोआप भरणे ही आणखी एक सोय, आणि तिचा गैरवापर नुसत्या कल्पनेतला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले, की जाहिरातींच्या व्यवसायातील दोन आज्ञावल्या पानावर अदृश्य चौकट ठेवीत. ब्राउझरचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर तीत ईमेल भरून टाकी आणि त्यावरून माणसाचा माग ठेवला जाई. अशी १,११० संकेतस्थळे त्यांना आढळली. एक्स्टेन्शनांविषयीचा इशारा अधिक ताजा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक टोथ या संशोधकाने लास व्हेगास येथील डेफकॉन परिषदेत ११ पासवर्ड मॅनेजरांवर एक युक्ती करून दाखविली. फसवे पान एक्स्टेन्शनची खिडकीच पारदर्शक करते आणि तिच्या जागी ‘कुकी स्वीकारा’ असे निरुपद्रवी बटण दाखविते. आपण ते दाबतो. प्रत्यक्षात ‘माझी माहिती भरा’ हे दाबले जाते. पासवर्ड त्या त्या संकेतस्थळापुरताच भरला जात असल्याने तो सहसा अशा परक्या पानावर सांडत नाही. नाव, पत्ता, दूरध्वनी व कार्डाचा क्रमांक यांना मात्र असे बंधन नसते. टॉर वापरणाऱ्याचे सर्वस्व या पहिल्या तीन गोष्टी लपविण्यातच असते. पुढे काही कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या.

एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आपोआप बसते, हेही ध्यानात ठेवावे. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या सुमारास ‘सायबरहेवन’ या सुरक्षा क्षेत्रातीलच कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलने गाठून तिच्या क्रोम एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती प्रसृत करण्यात आली. ते सुमारे चार लाख जण वापरीत. सर्व पाने वाचण्याची मुभा आपण ज्याला देतो, त्याच्या घरची दारेही आपलीच दारे होतात.

मग पासवर्ड ठेवावेत कोठे?

हे वाचून कोणी पासवर्ड मॅनेजरच सोडून देईल, तर ते रक्तदाबाची गोळी दुष्परिणाम वाचून बंद करण्यासारखे होईल. तिजोरी नसली की माणूस एकच पासवर्ड सर्वत्र वापरतो किंवा मुलांची नावे व जन्मसाल यांची जोडणी करतो. निनावी खात्याला घरचाच पासवर्ड दिला तर कोणत्याही चोरीनंतर दोन याद्या शेजारी ठेवून दोन्ही खाती एकाचीच हे कळू शकते. तेव्हा बँक, टपाल आणि विम्याच्या कामांसाठी नेहमीच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन खुशाल असू द्यावे. तेथे त्याचा एक अनमोल गुण आहे: बनावट बँकेचा पत्ता डोळ्यांना फसवील, एक्स्टेन्शनला सहसा फसवीत नाही, पत्ता जुळला नाही तर ते पासवर्ड भरावयास पुढे येत नाही.

टॉरसाठी मात्र तिजोरी ब्राउझरच्या बाहेर ठेवावी. ‘कीपासएक्ससी’ ही विनामूल्य आज्ञावली यासाठी योग्य आहे. तिचे कोणतेही खाते नसते आणि कंपनीकडे वही नसते. सारे पासवर्ड आपल्याच संगणकावर एका सांकेतिक फाइलीत राहतात. टेल्समध्ये ती आधीपासूनच दिलेली आहे. तिचेही एक एक्स्टेन्शन मिळते. ते टॉर ब्राउझरमध्ये बसवू नये, नाहीतर आपण पुन्हा होतो तेथेच येऊ. निनावी कामासाठी वेगळी फाइल, वेगळा मुख्य पासवर्ड. घरची व ही फाइल एक करू नये आणि गूगल ड्राइव्हसारख्या जागी ठेवू नये. पासवर्ड तेथून उचलून टॉरमध्ये चिकटविला की नेहमीच्या मांडणीत दहा सेकंदांनी तो संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणातून पुसला जातो. विंडोजमध्ये या तात्पुरत्या स्मरणाचा इतिहास ठेवण्याची व तो इतर यंत्रांवर पाठविण्याची सोय असते. ती आधी बंद करावी.

या पद्धतीत आपण एक गोष्ट गमावतो, आणि ती झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. बनावट पत्ता ओळखण्याचे जे काम एक्स्टेन्शन करीत होते ते आता आपल्यावर येते. टॉरमधील ‘ओनियन’ पत्ते ५६ अक्षरांचे, अर्थहीन. पहिली सहा-सात अक्षरे जुळणारा नकली पत्ता बनविणे फसवणाऱ्याला अवघड नसते. म्हणून पहिल्या वेळी विश्वासाच्या ठिकाणाहून मिळालेला पूर्ण पत्ता पासवर्डशेजारी त्याच फाइलीत लिहून ठेवावा आणि दर वेळी तेथूनच उचलावा. उचलावा म्हणजे नक्कल करून चिकटवावा. त्यावर दोनदा टिचकी मारू नये, कारण तसे केल्यास तो पत्ता आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडू पाहतो आणि त्या पत्त्याची चौकशी आपल्या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंत पोचू शकते. त्याच आज्ञावलीतील ‘संकेतस्थळाचे चिन्ह आणा’ ही सोयही टॉरच्या बाहेरून जाते. तिला हात लावू नये.

राहिला मोबाइल. अँड्रॉइडवर टॉर ब्राउझर मिळतो, परंतु आपोआप भरण्याची सेवा तेथे ब्राउझरची नसून साऱ्या फोनची असते. एक्स्टेन्शन न बसविताही ‘हा पासवर्ड जतन करू का?’ असा प्रश्न फोनच विचारू शकतो. फोनच्या मांडणीत जाऊन ही सेवा ‘कोणतीही नाही’ अशी ठेवावी. आयफोनवर टॉर ब्राउझर नाही. तेथे ‘ओनियन ब्राउझर’ आहे, पण त्याला ॲपलचेच यंत्र आतून वापरावे लागत असल्याने सर्वांना सारखा रंग फासण्याचे काम तो तितके पुरे करू शकत नाही. ज्या कामात खरोखर कोणाचे आयुष्य गुंतले आहे, ते फोनवर करू नये. घरच्या संगणकावर, मुलांचे खेळ व दवाखान्याचे हिशेब ज्यावर नाहीत अशा वेगळ्या खात्यातून करावे.